खिडकीतलं स्थळ

६ जानेवारी, सोमवार

आप्पे! सकाळी सकाळी आकारामचा फोन — सृष्टीसाठी स्थळ आलंय, मुलगा मूळचा म्हसवडचा, जपानहून परत आलाय, साताऱ्यात स्वतःचा व्यवसाय आहे. आणि व्यवसाय काय, तर आप्पे विकतो. त्या आप्प्यांना नाव मोठं आहे, ताकोयाकी. मी म्हटलं, अरे, तुझी मुलगी पुण्यात कंपनीत काम करते, तिला आप्पेवाल्याच्या गळ्यात बांधतोस? तर म्हणतो, "आक्का, तू एकदा गुमान बघून ये की. पोराला कळू दिऊ नगंस."

धाकटा भाऊ लोणंदला कांद्याचा अडत्या आहे. पोत्यात हात घालून कांदा ओळखतो. माणूस ओळखायची वेळ आली की मात्र आक्का! सृष्टी आता एकोणतीसची झाली. आतापर्यंतची सगळी स्थळं माझ्या चौकशीनं मोडली, आणि मला त्याचं काही वाटत नाही. सांगलीचा इंजिनियर — विश्रामबागेत बंगला, दारात गाडी. पाणी मागायच्या निमित्तानं आत गेले तर आई भांडी घासतेय आणि हा सोफ्यावर पाय पसरून "चहा" म्हणून ओरडतोय. औंधचा फौजी — उंचापुरा, रुबाबदार, आणि यमाईच्या पायऱ्यांवर तंबाखूची पिचकारी मारताना मी या डोळ्यांनी पाहिला. विट्याच्याबद्दल तर लिहायलाही नको.

कन्याशाळेत जन्मभर शिवण शिकवलं. कापड उलटं करून शिलाई बघितल्याशिवाय कुणाला शाबासकी दिली नाही. आप्पेवाला काय चीज आहे!

आज सोमवारचा उपास. उद्या जाईन.

७ जानेवारी, मंगळवार

दुकान कसलं, खिडकी आहे. राजवाड्याच्या मागच्या बोळात, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी. वर पाटी — "जपानी स्ट्रीट फूड. फक्त पार्सल." बसायला साधं बाकडं नाही. गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजची पोरंपोरी, स्कूटीवर तिघं तिघं. खायच्या आधी फोटो, खाताना फोटो, डबा रिकामा झाला की त्याचाही फोटो. एकजण विचारत होता, "दादा, ह्याच्यावर जरा कट मिळंल का?" जपानी पदार्थावर मिसळीचा कट! साताऱ्याचा माणूस स्वर्गात गेला तरी आधी रस्सा मागेल.

मुलगा शिवतेज. बारीक अंगाचा, चष्मा, डोक्याला पांढरं फडकं. नाकीडोळी ठीक. त्या पोरांच्या घोळक्यात माझं पांढरं डोकं लगेच दिसलं असणार. "काय दिऊ मावशी?" म्हणाला. माझ्या वयाची बाई असलं काही स्वतःसाठी कशाला घेईल? म्हटलं, नातवाला हवंय.

"नाव काय नातवाचं?" — भोचक! समोरच्या भिंतीवर वाढदिवसाचा फ्लेक्स होता. गॉगल घातलेलं एक कार्टं, खाली "चि. शंभूराज यांस उदंड आयुष्य". म्हटलं, शंभूराज. "किती वर्साचा हाय?" म्हटलं, सहा. लग्नच न केलेल्या बाईला सहा वर्षांचा नातू. रस्ताभर हसू येत होतं.

घरी येऊन डबा उघडला. वरून आप्पा, आत कच्चं पीठ! तसाच आकारामला फोन लावला — मुलाला आप्पे भाजता येत नाहीत, बायको काय सांभाळणार.

८ जानेवारी, बुधवार

पुन्हा गेले. एका डब्यावरून निकाल देणं बरोबर नाही. म्हटलं, काल कच्चं होतं. तर रागावला नाही, ओशाळलाही नाही. "आतनं असंच मऊ असतंय मावशी. भाजलं की मग ते आप्पं झालं. पण शंभूराजला नसंल आवडत तर जरा जास्त भाजतो."

जास्त भाजलेले खाल्ले. मऊच बरे होते. आता सांगणार कसं!

९ जानेवारी, गुरुवार

गुरुवार, म्हणून मक्याचे सांगितले, माशाचं काही नको. गर्दी नव्हती, खिडकीशी उभी राहून नीट बघितलं.

लोखंडी साचा, आपल्या आप्पेपात्रासारखाच, पण मोठा. हा पीठ खळग्यांत मोजून घालत नाही — सगळ्या साच्यावर ओतून देतो, ओसंडेपर्यंत. मला वाटलं, वेंधळा आहे. मग दोन लांब सुया घेतल्या, दोन हातांत दोन. त्यांनी मधलं पीठ उभं आडवं कापलं, आणि एकेक आप्पा उलटताना बाहेरची कड आत ढकलत गेला. सगळ्यांच्या कडा आत! मी घसा फोडून सांगायचे मुलींना, आधी कड आत घ्या, मग टाका. वर्गात दोघी-तिघी ऐकायच्या.

हात चांगला आहे. हात चांगला असला म्हणजे माणूस चांगला असतो असं नाही. आमच्या शाळेतला शिपाईही सुंदर रांगोळी काढायचा आणि बायकोला बडवायचा.

निघताना कागदात गुंडाळून काहीतरी दिलं. "हे शंभूराजला. माझ्याकडनं." घरी बघते तर मासा! म्हणजे माशाच्या आकाराचा गोड केक, आत लाल चवळीचं पुरण. मी मुद्दाम शेपटीकडून खाल्ला. शेपटीत कोण बघायला जातं, तिथं माणूस हात आखडतो. तिथपर्यंत पुरण होतं.

पुरणात वेलदोडा नाही, जायफळ नाही. याला काय पुरण म्हणायचं! सगळा खाल्ला. अन्न टाकवत नाही म्हणून.

१० जानेवारी, शुक्रवार

गेले. चौकशी अर्धवट सोडायची मला सवय नाही.

११ जानेवारी, शनिवार

गेले. पुन्हा मक्याचे. पुन्हा मासा. शंभूराजला खोकला झालाय म्हणाले, कारण तो कुठल्या शाळेत आहे हे विचारायला लागला होता. "मग गार पाणी पिऊ दिऊ नगा" म्हणाला. मला शिकवतोय!

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आमच्या सोसायटीतल्या बायका काळ्या साड्या नेसून दुपारपासून जिना चढतायत, उतरतायत. हळदीकुंकू! एकीनंही माझी बेल वाजवली नाही. दरवर्षीचंच आहे. लग्न न झालेल्या बाईला काय लुटायचं, असा त्यांना प्रश्न पडतो. मलाही त्यांच्या प्लॅस्टिकच्या चाळण्या नकोत. पण दाराशी आलेली पावलं पुढच्या दाराकडे गेली की वाईट वाटतं. इथं कुणी वाचत नाही म्हणून लिहिते.

संध्याकाळी स्वेटर घालून खिडकीवर गेले. तिथं रांग, आणि हा बाजूच्या दारानं बाहेर आला, हातावर तिळगूळ ठेवला आणि पाया पडला. रस्त्यात! सगळी पोरं बघतायत. "आई म्हसवडला हाय. हितं कुणाच्या पाया पडू?"

मी शाळेतल्यासारखं पाठीवर थापटलं आणि म्हटलं, चांगली बायको मिळो. लाजला. "बोलणं चाललंय मावशी. लोणंदचं स्थळ हाय." मी साळसूदपणे विचारलं, मुलगी कशी आहे? "फोनवर बोललो दोनदा. लय हसती."

सृष्टी हसते? आमच्या घरात तरी कुणी ऐकलेलं नाही. आमच्याकडे ती जेवते, फोन बघते आणि पुण्याला जाते.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज नवीन प्रकार. ओकोनोमियाकी म्हणे. कोबीचं धिरडं! कोबी जास्त, पीठ नावाला, वर काळसर गोड सॉस. त्यावर सुक्या माशाचा भुसा टाकला तर तो वाफेनं हलायला लागला. मी मागे सरकले. "घाबरू नगा मावशी, मेल्यालं हाय." हसला. मीही हसले. वास आपल्या सुकटीचाच, जरा सोवळा. मी डबा घरी नेला नाही. तिथंच, खिडकीच्या फळीवर ठेवून खाल्ला. उभ्यानं, रस्त्यात! माझ्या विद्यार्थिनींनी बघितलं असतं तर?

गिऱ्हाईक नव्हतं. मी जपानची गोष्ट काढली. आकारामला मुलाच्या आईनं सांगितलंय की तो तिथं मोठ्या हॉटेलात होता. हा साचा पुसत पुसत म्हणाला, "हॉटेल कुठलं मावशी. म्हाताऱ्यांच्या आश्रमात व्हतो मी. त्यास्नी उठवायचं, न्हाऊ घालायचं, कपडे बदलायचे, भरवायचं. हे असलं खाणं सुट्टीच्या दिवशी एका गाडीवाल्याकडनं शिकलो."

मग म्हणाला, तिथं एक म्हातारी होती, तिला सगळा विसर पडलेला. ती याला आपला मुलगा समजायची. रोज विचारायची, जेवलास का. "मी बी व्हय आई म्हणायचो. खोटं व्हतं, पण ती जेवायची तेवढ्यावर." आणि म्हणाला, "आईनं लोणंदच्या लोकांना हॉटेल सांगितलंय. मला न्हाई पटत. बघायला जाईन तवा खरं सांगणार हाय. हे अजून कुणाला बोललो न्हाई. तुमी आजी हायसा, तुमाला कळंल."

म्हणजे जपानला जाऊन म्हाताऱ्यांची हगणी-मुतणी काढत होता! आणि आई म्हसवडभर हॉटेल सांगत फिरतेय. लग्न मोडायला एवढं रगड झालं. सांगलीवाल्याला तर मी एका चहावर उडवला होता.

आकारामला फोन केला नाही. करीन.

१८ जानेवारी, शनिवार

केला नाही.

दुपारी सृष्टीचाच फोन आला. ही मुलगी मला कधी फोन करत नाही. "आत्या, बाबांनी तुला पाठवलंय ना तिकडे? मला माहीत आहे." मी म्हटलं, बरं मग? तर रडायलाच लागली. "ह्या वेळी मोडू नकोस, आत्या. मला आवडलाय तो. हे मोडलं तर मी परत कुणासमोर बसणार नाही. खरंच नाही बसणार."

मी म्हटलं, मी मोडते? मी फक्त बघते आणि सांगते. त्यावर नाक ओढत राहिली.

एकोणतिसाव्या वर्षी आप्पेवाल्यासाठी रडते! शिक्षण वाया.

२१ जानेवारी, मंगळवार

आकारामला सांगितलं. मुलगा चांगला आहे, हो म्हण.

तर म्हणतो, "आक्का, तुझी तब्येत बरी हाय न्हवं?" गाढव! आयुष्यात पहिल्यांदा कुणाला चांगलं म्हटलं तर डॉक्टरकडे न्यायला निघाला.

आश्रमाचं बोलले नाही. ते सांगायचं काम त्याचं आहे, आणि तो सांगणार आहे. मी कुणाचं असं राखून ठेवलेलं मला आठवत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

रविवारी लोणंदला बघण्याचा कार्यक्रम. शिवतेज आज फार बोलत होता. शर्ट कुठला घालू, निळा का पांढरा. म्हटलं, निळा, पांढऱ्यावर सॉस सांडतोस. "मावशी, आतनं लय धडधडतंय." म्हटलं, खरं सांगणार असशील तर धडधडायचं कारण नाही. मोठी आले मी सांगणारी!

आज सांगायला हवं होतं की मी तिची आत्या. तोंडाशी आलंही. पण मग शंभूराजचं काय करायचं? तेवढ्यात म्हणाला, "एकदा शंभूराजला घिऊन या की. रोज त्याला मासा देतो, पण पोराचं तोंड बघितलं न्हाई." मी डबा घेतला आणि निघाले.

कळेल तेव्हा कळेल. चौकशी सगळेच करतात. त्याच्या आईनंही लोणंदमध्ये चार दारं वाजवली असतीलच. कळलं की हसेल. हसऱ्या स्वभावाचा आहे.

२६ जानेवारी, रविवार

लोणंद.

आकारामनं नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच. बैठकीत कांद्याच्या भावाशिवाय दुसरं बोलणं त्याला जमत नाही, तेच चाललेलं. पोहे भावजयीनं केले, साखर इतकी की खीर म्हणून चालले असते. मी ठरवलं होतं की स्वयंपाकघरातच बसायचं. आतून सगळं ऐकू येत होतं.

त्यानं सांगितलं. पाणी प्यायल्यावर लगेच, कुणी विचारायच्या आत. "मी हॉटेलात नव्हतो. म्हाताऱ्या माणसांची सेवा करत व्हतो." त्याची आई "आरं, आरं" करायला लागली. आणि मग सृष्टीचा आवाज, अगदी स्वच्छ — "मग त्यात काय? चांगलंच काम आहे." मला आत बसून अभिमान वाटला. दोघांचाही.

तेवढ्यात त्याची आई म्हणाली, "साताऱ्याच्या आत्याबाई कुठं हायत? त्यांचं लय ऐकलंय." आणि आकाराम, तो कसला थांबतोय! "आक्का, भायेर ये की! आवं, आमची आक्का म्हंजे घरातलं शेवटचं मत. एकटा जीव, ना पोर ना बाळ, सगळा जीव सृष्टीवर. तुमच्या पोराची पारख तिनंच केली. तीन आठवडं रोज दुकानावर जाऊन बसली, गिऱ्हाईक म्हणून! पोराला पत्ता लागला न्हाई." आणि मांडीवर थाप मारून हसला.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

शिवतेज हसला नाही. उठून उभा राहिला, नमस्कार केला, बसला. निळा शर्ट होता. मग जे विचारलं त्याला हो-नाही करत राहिला. सृष्टी दोनदा त्याच्याकडे बघून हसली, त्याचं लक्ष नव्हतं.

जाताना अंगणात बूट घालत होता. मी मुद्दाम जवळ गेले. बुटाच्या नाडीकडे बघतच त्यानं विचारलं, "शंभूराज असा कुणी न्हाईच व्हय?" मी नाही म्हटलं. "आन् मी जे बोललो ते?" मी म्हटलं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही, शपथेवर. चौकशी करायची पद्धतच असते, मनाला लावून घेऊ नकोस. "न्हाई, न्हाई," म्हणाला. "मनाला काय लावायचं." आणि गाडीत जाऊन बसला.

मला लाज वाटली. साताऱ्याला येईपर्यंत एसटीत तोंडावर पदर घेऊन बसले होते, थंडी आहे असं दाखवून.

२७ जानेवारी, सोमवार

फार हळवं पोरगं आहे. एवढ्या तेवढ्यावर तोंड पाडणारा संसार काय करणार! आम्ही काय त्याच्या घरी चोरी केली? बरं झालं, स्वभाव आत्ताच कळला.

इतके दिवस खोटं मीच बोलत होते, तो नाही. हे लिहून ठेवते.

३० जानेवारी, गुरुवार

बोळाच्या तोंडापर्यंत गेले. खिडकी उघडी होती. पोरं तशीच, फोटो तसेच. तो खाली मान घालून सुयांनी कडा आत घेत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी झेरॉक्सवाल्याकडे वळले आणि आधार कार्डाच्या प्रती काढून परत आले. त्या कशासाठी काढल्या, देव जाणे.

घरी स्वतः आप्पे केले. वेलदोडा घालून, गुळाचे. चार खाल्ले, बाकीचे तसेच पडलेत.

३ फेब्रुवारी, सोमवार

उपास. कुठंही जायचं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आकारामचा फोन. म्हसवडहून नकार आला. मुलगी चांगली आहे, योग नाही, एवढंच म्हणतात, कारण सांगत नाहीत. रजा घेऊन घरी आलेल्या सृष्टीनं खोलीचं दार आतून लावून घेतलंय, कालपासून जेवलेली नाही.

"कुणीतरी मधी काडी घातली, आक्का. पोरगं आपल्याकडं राजी व्हतं. तुझ्याइतकी माणसं कुणाला कळत्यात? तू परत त्या खिडकीवर जा, गोड बोल त्याच्याशी, आन् कुणी केलं हे, तेवढं नाव काढून आण."

बघते, म्हणाले.